दगड उचलणाऱ्याच्या हाती भोंगा

आमच्या दोलमेरी गावात शिरलं की पहिल्यांदा पार लागतो. पारावर फोकनांगाचं जुनं झाड, आणि झाडाच्या बुडाशी दगड. काळा, रांजणासारखा गोल, आणि इतक्या पिढ्यांच्या पोटांना घासून गुळगुळीत झालेला, की पावसात भिजला म्हणजे पोसलेल्या काळ्या डुकराच्या पाठीसारखा चकाकतो. त्याचं वजन किती ते कुणालाच माहीत नाही. एकदा शेतकी ऑफिसातला एक माणूस हौसेनं काटा घेऊन आला होता. गो सामचुन पारावर बसले होते. ते म्हणाले, "आज्ज्याला काट्यावर बसवतोस व्हय रं? ऊठ हितनं." माणूस काटा घेऊन आल्या वाटेनं गेला.

सामचुन म्हणजे आमच्याकडं कुणीही थोरलं माणूस. बाई असो, बाप्या असो, नात्यातलं असो नसो. पण नुसतं 'सामचुन' अशी हाक मारली की गावात एकच माणूस हक्कानं मान वळवतो, ते गो सामचुन. गावकारभारी होते पूर्वी. कारभार सुटून जमाना झाला, पण मान वळवायची सवय गेली नाही.

दगड दोन गावांचा आहे. एक आमचं, आणि दुसरं आमच्या डोक्यावर, डोंगराच्या अंगाला असलेलं वरचं गाव. दरसाल संत्री पिवळी पडायच्या आधी दोन्ही गावांचे खेळ होतात आणि शेवटी दगड होतो. जमिनीवरून उचलायचा, मांडीवर घ्यायचा, मांडीवरून छातीशी, आणि मग झाडाभोवती एक पुरती फेरी मारून होता त्याच खळग्यात ठेवायचा. एका गावाला फेरी जमली आणि दुसऱ्याला नाही, तर दगड गाडीवर चढतो आणि जिंकलेल्या गावाला जातो. दोघांनाही जमली तर जागचा हलत नाही.

माझ्या लहानपणी तो वरच्या गावात होता. आमच्या झाडाखाली नुसता खळगा. त्यात पावसाचं पाणी साचायचं नि कोंबड्या प्यायच्या. वरची माणसं बाजाराला जाता येता मुद्दाम थांबून म्हणायची, "कोंबड्यांची सोय मातुर झकास केलीया तुमी!" आमचे बाप खाली मान घालून संत्र्याला फवारा मारत राहायचे.

तो खळगा भरला बू दोकसूनं. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. डोकं थेट खांद्यांवर आणून ठेवल्यागत. तरणा असताना त्यानं वरच्या गावात जाऊन फेरी मारली, दगड गाडीवर घालून खाली आणला आणि तेव्हापासून वर जाऊ दिला नाही. बोलायला कंजूस. 'व्हय', 'न्हाई' आणि 'बगू', या तीन शब्दांत त्याचं लग्नसुद्धा पार पडलं, असं त्याची बायको मालसुन सांगते.

त्याचं घर पाराला लागून आणि माझं त्याच्या घराला लागून. संत्री निवडायच्या शेडमध्ये त्यानं एक कोपरा मोकळा ठेवलाय. तिथं जाड लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टरला पुढं अडकवायची वजनं. दिवसाआड सकाळी तो तिथं दांडा जमिनीवरून उचलतो. पाच वेळा उचलायचा, बसायचं, परत पाच वेळा. मी संत्र्याच्या उपड्या पेटीवर बसून पुडीतली कॉफी पितो आणि बघतो. दांडा वाकला तर दोकसू खुश, न वाकला तर आणखी एक वजन चढवायचा. इतक्या वर्षांत चुकून कधी मी मोजण्यात हयगय केली, तर तो दांडा खाली ठेवून नुसता माझ्याकडं बघायचा.

हे असं सगळं ठीक चाललेलं असताना गावानं त्याला गावकारभारी केलं.

त्यात गावाचा दोष म्हटला तर आहे आणि नाही. आमच्याकडं तशी रीतच पडून गेलेली. थंडीत गावची सभा भरली, जुन्या कारभाऱ्याची मुदत संपली, आणि गो सामचुन उठून म्हणाले, "इचार कसला करताय? एवढा दगड जो पेलतो, त्यो गाव पेलनार न्हाई व्हय?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोकसू म्हणाला, "बगू." तो नाही म्हणाला नाही, म्हणजे हो झालं.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरात भोंग्याचा माईक आला. आमच्या गावात पहाटे कारभारी माईकवर बोलतो आणि खांबाखांबावरच्या भोंग्यांतनं गाव उठतं. फवारणी कधी, पाणी कधी बंद, कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा घोडा कुणाच्या मुळ्यात शिरला. बोलणं सोपं. पण बोलायच्या आधी ठरवावं लागतं, आणि ठरवायच्या आधी ऐकावं लागतं. घोडेवाला म्हणतो कुंपण पडकं होतं. मुळेवाला म्हणतो घोडाच दांडगा आहे. म्हाताऱ्यांच्या बैठकीत एकाला शेगडी हवी, दुसऱ्याला तिचा वास सहन होत नाही. टेकडीवर पवनचक्की उभारायला आलेली माणसं कागद दाखवतात, आणि त्यांच्या मागोमाग नको म्हणणारी माणसं दुसरे कागद दाखवतात. दोकसू दोघांचं ऐकायचा. आधीच्या कारभाऱ्यांसारखं एका कानानं ऐकायची त्याला अक्कल नव्हती. तो दगडासारखं सगळं छातीशी घ्यायचा.

वसंतात मोहरीची फुलं आली, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं. दांडा पहिल्या खेपेला झकास वर आला. दुसऱ्या, तिसऱ्यालाही. चौथ्या खेपेला गुडघ्यापाशी आला आणि दोकसूनं सोडून दिला.

"काय झालं? पाठ भरली?"

"न्हाई."

"हात सुटला?"

"न्हाई दादा." तो दांड्याकडं बघत बसला. "कायच झालं न्हाई. नुसतं वाटलं, पुरं."

आदल्या दिवशी बसचा थांबा पुढं न्यायचा की मागं, यावर संबंध दुपार बैठक झाली होती. शेवटी थांबा होता तिथंच राहिला. तेव्हा त्या गोष्टीचा आणि या गोष्टीचा काही संबंध असेल, असं आमच्या दोघांच्या मनात आलं नाही.

पुढं पुढं ते वाढलं. लोखंड काही वाढलं नव्हतं, मीच ते दांड्यावर चढवायचो. पण दोकसू म्हणायचा, "दांडा धरला की असं वाटतंय, कुनीतरी वर येऊन बसलंय." जोर एकदाच लावायचा असला तर लागायचा. पण परत परत लावायचा म्हटलं की तिसऱ्या-चौथ्यालाच तोंड आंबट. पाय थरथरत नव्हते, दम लागत नव्हता. अंगात होतं, पण अंग ऐकत नव्हतं. आणि दगडाची गंमत अशी, की तो एकदा उचलून भागत नाही. जमिनीवरनं मांडीवर, मांडीवरनं छातीवर, आणि मग ती झाडाभोवतीची फेरी. प्रत्येक पावलाला अंगाला नव्यानं 'चल' म्हणावं लागतं.

मालसुननं उपाय सुरू केले. काळ्या डुकराचं मटण, घोड्याच्या हाडांचा रस्सा, आल्याचा काढा. सुया टोचणाऱ्या म्हाताऱ्याकडं नेलं, त्यानं पाठीवर कासवागत नक्षी काढली. शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात असं रक्त माझंसुद्धा नाही."

गावात बोभाटा झालाच. ओढ्यावर मुळे धुणाऱ्या बायका त्याला बघून एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. एक म्हणालीच, "कारभारी, दगड नगं, ही मुळ्याची पाटी तरी उचलून द्या. का तिचीबी आधी सभा घ्यायची?" दोकसूनं पाटी उचलून दिली आणि पुढं गेला.

आणि मग उन्हाळ्यात एके दिवशी वरच्या गावचा कांग आला. तिशीच्या आतबाहेरचा, शहरातल्या शाळेत पोरांना कवायत शिकवणारा, बाह्या फाटतील असे दंड. पारावर बसला, दगडावरनं हात फिरवला, दोन्ही हातांनी जरा कलवून बघितला. मी आणि दोकसू समोरच होतो.

"सामचुन," कांग दोकसूला अदबीनं म्हणाला, "आवंदा गाडी घिऊनच येतो. वरचा खळगा साफ करून ठिवलाय."

"ये की," दोकसू म्हणाला.

"कोंबड्या हायत न्हवं तुमच्याकडं? न्हाई, खळगा मोकळा झाल्यावर..."

पोरगा वाईट नव्हता. थोरांकडनं ऐकलेलं बोलत होता. पण दोकसूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कांग गेल्यावर तो मला म्हणाला, "दादा, दगड हितनं हलनार न्हाई." इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून महिन्याभरात ऐकलं नव्हतं.

त्यानं ठरवलं की अंगाला आराम द्यायचा. बागेतलं काम मजुरांवर टाकलं. गवत काढणं बंद, खत वाहणं बंद, पडकी भिंत तशीच. दांडा उचलायच्या आदल्या दिवशी तर तो फक्त गावच्या कचेरीत खुर्चीवर बसायचा. खेळ जवळ येत होते, तिथं बसून करण्यासारखं पुष्कळ होतं. पाहुणे कोण, मंडप कुठं, मटण कापायला कुणाला बसवायचं आणि कुणाच्या पानात पोटाकडचा तुकडा पडायचा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या रांगेतल्या खुर्च्या. मधली खुर्ची गो सामचुनना हवी होती. वरच्या गावच्या जुन्या कारभाऱ्यालाही मधलीच हवी होती. त्या दोघांचं माझ्या जन्माच्या आधीपासनं वाकडं. मधे दोन खुर्च्या ठेवाव्यात तर मग मधली कोणती? दोकसूनं ते चित्र इतक्यांदा कागदावर काढलं आणि खोडलं, की मालसुन म्हणाली, "रांग वाकडी करा, समदेच मधी येतील."

इतका आराम करून दुसऱ्या दिवशी दांडा धरला, की दुसऱ्याच खेपेला खाली. आराम जितका जास्त, तितका दांडा जड. दोकसू आणखी आराम करायचा.

मग गवत कापायचा दिवस आला. चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्याच्या तोंडावर प्रत्येक घराणं डोंगरात जाऊन आपापल्या थडग्यांवरचं गवत कापतं. परदेशात असलेला माणूससुद्धा त्या दिवशी येतो. नव्या वर्षाच्या सणाला आला नाही तर चालतं, गवताला आलाच पाहिजे. दोकसूच्या बू घराण्याची थडगी टेकडीच्या पलीकडच्या खोलगटीत आहेत. फोनला तिथं रेंज नाही. त्यात गवत कापायचं यंत्र सकाळीच बंद पडलं. मग विळे काढले. उन्हातान्हात दिवसभर वाकून दोकसूनं गवत कापलं, भारे वाहिले, थडग्यांभोवतीच्या दगडी कुंपणाचे पडलेले धोंडे उचलून बसवले. परत आला तेव्हा त्याला जिना चढवेना. कठड्याला धरून एकेक पायरी चढला.

दुसरा दिवस दांड्याचा होता. मी म्हणालो, "आज ऱ्हाऊ दे. कंबर बघ कशी झालीया."

"वार म्हंजी वार," म्हणाला आणि वाकला.

मी मनात म्हटलं, आज हा पडतोय. पेटीवरनं उठून जवळ उभा राहिलो. पहिली खेप कण्हत कण्हत आली. पाठीचे स्नायू आखडलेले दिसत होते. दुसरी आली, तिसरी आली. चौथ्याला तो थांबला, श्वास घेतला, आणि दांडा वर आला. पाचवी. बसला, पाणी प्यायला, परत पाच. मी कॉफी पेटीवर विसरलो, तिच्यात माशी पडली.

दोकसू दांड्यावर हात ठेवून लहान पोरासारखा बघत होता. "दादा, ह्यो दांडा कुनी बदलला व्हय?"

"खुळा हाईस काय? मीच चढवलंय."

"अंग तर मोडलंय माजं."

मालसुन दारात लसूण सोलत होती. वर न बघताच म्हणाली, "अवो, काल दिसभर तुमाला कुनी काय इचारलं का?"

"कोन इचारनार? थडगी?"

"मग तेच," ती म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

एवढी साधी गोष्ट, आणि आम्ही त्याच्या पाठीला, रक्ताला, वयाला विचारत बसलो होतो. थकत होतं ते डोकं, आणि आराम देत होतो अंगाला. डोकं दमलं की ते अंगाला आधीच सांगून टाकतं की पुरे, भार टाक. आणि अंग बिचारं ऐकतं.

दोकसूला कुठलीही गोष्ट एकदा घडून पटत नाही. त्यानं उलटसुलट करून बघितलं. एकदा आदल्या दिवशी कचेरीत बसून खुर्च्यांचं ऐकलं. दांडा गुडघ्यावरनं खाली. एकदा आदल्या दिवशी फोन बंद करून खताची पोती वाहिली. पाठ दुखली, पण दांडा पुरता वर. परत खुर्च्या, परत खाली. मग तो म्हणाला, "कळलं," आणि तो विषय संपला.

विषय संपला, पण खुर्च्या संपल्या नव्हत्या. खेळ चार दिवसांवर आले आणि दोकसूनं सकाळी भोंग्यावर सांगितलं, "खेळ हुईस्तवर मी कायबी ठरवनार न्हाई. कुनीबी काय इचारायला येऊ नये." भोंगा खरखरला आणि बंद झाला. गावात आजवर कुठल्या कारभाऱ्यानं असं म्हटलेलं नव्हतं. त्यानं माईकची वायर काढली, आणि फोन नेऊन अंगणातल्या चटणीच्या रिकाम्या रांजणात टाकून वर झाकण ठेवलं. मग रांजण वाजायला लागला. वाजला की कुत्रं भुंकायचं, आणि कुत्रं भुंकलं की मालसुन म्हणायची, "भुंक बाबा, तूच कारभारी."

लोक घरी आले. मालसुन फाटकात लसणाची पाटी घेऊन बसलेली.

"घरात हायत का?"

"हायत. पर तुमच्यासाटी न्हाईत. खेळ झाल्यावर या."

"अगं मंडपाचा बांबू कमी पडतोय!"

"मग बांबू आना. कारभाऱ्याला उभा करनार हाय का तिथं?"

मंडपवाला बांबू घेऊन आला. घोडेवाला आणि मुळेवाला, विचारायला कुणी नाही म्हटल्यावर, एकमेकांना भेटले आणि दोघांनी मिळून कुंपण बांधलं. म्हाताऱ्यांनी शेगडी खिडकीपाशी सरकवली. पण खुर्ची काही सरकली नाही.

आदल्या दिवशी दोकसू बागेतली पडकी भिंत रचत होता. आमच्याकडं शेताच्या भिंती नुसत्या धोंड्यांच्या, मधे चुना ना माती. तो धोंडे वाहत होता आणि मी हातात देत होतो. गो सामचुन काठी टेकत बांधापर्यंत आले.

"उद्या दगड उचलायचा आनि आज धोंडे वाहतोस? अक्कल कुटं ठिवलीस?"

"रांजनात," दोकसू म्हणाला. गंमत म्हणून नव्हे, खरंच.

"बरं, एवढं सांग. मधली खुर्ची माजी हाय का त्याची?"

"परवा सांगतो, सामचुन."

"परवा खुर्च्या गोळा करून झाल्या असतील!"

"व्हय."

सामचुनांनी काठी बांधावर आपटली. त्यांच्या हाताखाली दोकसू वाढलेला. त्यांनीच त्याला सभेत उभं केलेलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला दिसत होतं, आणि दोकसूलाही दिसत होतं. पण त्यानं पुढचा धोंडा उचलला. दोन धोंड्यांच्या फटीत तो नीट बसेपर्यंत फिरवला. सामचुन गेले.

खेळाच्या दिवशी वारा होता, आणि डुकराच्या रश्शात शिजलेल्या समुद्री शेवाळाचा वास पारापर्यंत येत होता. पोरांची दोरीखेच झाली, बायकांची पाटी-शर्यत झाली, ताकासारख्या पांढऱ्या दारूचे वाडगे फिरले. दुपार कलल्यावर सगळे झाडाभोवती जमले. कांगनं खरंच गाडी आणली होती, वर जुन्या रजया अंथरलेल्या.

पहिल्यांदा पाहुण्याचा मान. कांगनं सदरा काढला. दगड मांडीवर घेतला, दात खाल्ले, छातीशी आणला. वरची माणसं ओरडायला लागली. अर्ध्या फेरीला त्याचा पाय मुळावर अडखळला, सगळा पार 'आं' म्हणाला, पण पोरगा सावरला. फेरी पुरी करून त्यानं दगड खळग्यात ठेवला आणि तिथंच बसकण मारली. वरच्या गावानं ढोल वाजवला. एकजण गाडीवरच्या रजया सरळ करायला लागला.

आता दोकसूला जमलं तर दगड राहणार होता, नाहीतर पुन्हा कोंबड्या.

दोकसू हाताला राख चोळत होता. डोळे अर्धे मिटलेले. इतक्यात गर्दीतून गो सामचुन मधली खुर्ची ओढत पुढं आले. ते दिवसभर त्या खुर्चीला हात लावून उभेच होते. बसले नव्हते, कारण कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. समोर वरचा जुना कारभारीही तसाच उभा.

"दोकसू," सामचुन म्हणाले, "समद्यांच्या म्होरं तुज्या तोंडानं सांग. ही खुर्ची कुनाची?"

वरच्या गावाचा ढोल थांबला.

"सामचुन, आता मला काय इचारू नगा."

"एकच शब्द हाय. 'तुमची' म्हन, न्हाईतर 'त्येची' म्हन. मग मी गेलो."

एकच शब्द होता खरा. 'तुमची' म्हणाला असता तर वरचं गाव चिडलं असतं, 'त्यांची' म्हणाला असता तर आमचं. आणि तो शब्द कुठला ते ठरवायला त्याला गेले सहा महिने परत एकदा डोक्यावर घ्यावे लागले असते. मला वाटलं, आता हा राख झटकणार आणि समजूत घालत बसणार. तसाच स्वभाव होता त्याचा.

"न्हाई सांगत," दोकसू म्हणाला आणि पाठ फिरवली.

गो सामचुनांनी ती लोखंडी खुर्ची फटकन मिटली, काखेत मारली आणि काठी टेकत घराकडं चालायला लागले. कुणी हसलं नाही. काठी आणि खुर्ची आलटून पालटून वाजत लांब गेली. दोकसूनं मान वळवून पाहिलं नाही. तो वाकला.

दगड मांडीवर आला. तिथं तो थांबला, बोटं खाली सरकवली, आणि छातीशी घेतला. त्याच्या गळ्यातनं आवाज आला, पोतं फाडल्यासारखा. पहिलं पाऊल पडलं. मी त्याच्या बाजूनं चालत होतो, अंतर राखून. तोंड काळंनिळं, ओठ आत वळलेले. पाव फेरी झाली तेव्हा डावा गुडघा लटपटला. अर्धी झाली तेव्हा दगड बोटभर खाली घसरला. हीच ती जागा. शेडमध्ये मी ती वसंतापासनं बघितली होती. इथंच तो दांडा सोडायचा, काहीही झालेलं नसताना.

दोकसू उभा राहिला. दगड पोटावर टेकवून एक श्वास घेतला. पोटानंच त्याला बोटभर वर ढकललं आणि परत पाऊल टाकलं. मग दुसरं. ज्या मुळावर कांगचा पाय अडखळला होता, ते मूळ त्यानं बघून ओलांडलं. झाडामागं गेला तेव्हा मला तो दिसला नाही, नुसता घासत चाललेल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मग पलीकडनं दगड दिसला, मग त्याच्या मागं दोकसू. खळग्याशी येऊन तो गुडघे वाकवत खाली बसला आणि दगड ठेवला. टाकला नाही, ठेवला.

वरच्या गावच्या माणसानं रजयांची घडी घातली. कांग उठून आला, दोन्ही हातांनी वाडगा पुढं करून म्हणाला, "सामचुन, पुढल्या साली परत येतो."

"ये की," दोकसू म्हणाला आणि एका दमात वाडगा रिकामा केला. मग मला हळूच म्हणाला, "दादा, डोस्क्यात कुनी बोलत नव्हतं बग."

संध्याकाळी तो गो सामचुनांच्या घरी गेला. त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गेला, तेव्हाही नाही. त्यानंतर त्यानं जाणं थांबवलं, पण त्यांच्या भिंतीवर दर आठवड्याला पिकलेल्या संत्र्यांची पिशवी ठेवायचा. पिशवी आत जायची, रिकामी बाहेर यायची. बोलणं नाही.

थंडीत सभा भरली. दोकसूची मुदत आणखी एक वर्ष होती. तो उठला आणि म्हणाला, "दगड ठिवा न्हाईतर भोंगा ठिवा. दोन्ही माज्याच्यानं व्हनार न्हाई."

लोक चुळबुळले. एकजण म्हणाला, "पर रीत हाय..."

"रीतीनंच दगड चालला हुता वर," दोकसू म्हणाला आणि बसला.

मग भोंगा कुणाला द्यायचा? मागच्या रांगेतनं मालसुन म्हणाली, "सामचुनना द्या की. खुर्ची तर त्यांच्या घरीच हाय."

हशा पिकला. गो सामचुन कोपऱ्यात होते, त्यांच्या मिशा हलल्या. पण ते नाही म्हणाले नाहीत. आणि खरं सांगायचं तर माणूस बरोबर होता. भांडणं ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. दोन माणसं भांडत आली की त्यांच्या तोंडावर तुकतुकी येते, आणि दोघांनाही शिव्या घालून ते घरी पाठवतात. त्यांना दगड उचलायचा नसतो.

आता पहाटे दांडा उचलायच्या वेळेलाच भोंगा सुरू होतो. परवाचीच गोष्ट. दोकसू वाकलेला, तिसरी खेप चाललेली. भोंगा खरखरला. "गावकऱ्यांनो, आज दुपारी पानी बंद. मुळ्याची गाडी सकाळीच यील. आनि आनखी एक. पाराला लागून ज्याची शेड हाय, त्यानं आपला ट्रॅक्टर रस्त्यातनं काडावा. मी नाव घेत न्हाई. मी त्येच्याशी बोलत न्हाई."

दोकसूनं ऐकलं. दांडा वर आणला, खाली ठेवला. चौथी खेप, पाचवी. मग हात पुसले आणि ट्रॅक्टर काढायला गेला.